खाऱ्या पाण्याची पेटी : कोणता मासा विकावा, कोणता नाकारावा

इंदापूर-बारामती भागात मासा म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो उजनीचा चिलापी, नाही तर भिगवणच्या बाजारातला कटला आणि रोहू. समुद्र इथून दूर आहे. तरीसुद्धा शोभेच्या माशांचा धंदा आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. बंगला, दवाखाना, हॉटेल, कापडाचे दुकान अशा ठिकाणी काचेची पेटी ठेवण्याची हौस तालुक्याच्या गावातही आली आहे. गोड्या पाण्यातले गोल्डफिश आणि गप्पी पाहून झाले की काही गिऱ्हाइके विचारतात, "समुद्रातले रंगीत मासे मिळतील का?" 2003 साली 'फाइंडिंग निमो' हा चित्रपट आला, तेव्हापासून मुलांनाही नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा हवा असतो.

अशा पेटीची किंमत गोड्या पाण्याच्या पेटीच्या कितीतरी पट होते आणि नफाही त्या मानाने दिसतो. म्हणून आपल्यातील काही दुकानदार व कारागीर या कामाकडे वळू पाहतात. त्यांच्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. आमचे सांगणे थोडक्यात असे : या धंद्यात काच, मोटर, दिवे यांच्यापेक्षा माशाची निवड महत्त्वाची आहे. चुकीचा मासा विकला तर महिन्याभरात पेटी रिकामी होते, गिऱ्हाईक तुटते आणि दुकानाचे नाव जाते. योग्य मासा विकला तर तीच पेटी पाच-दहा वर्षे चालते आणि मीठ, खाद्य, दुरुस्ती यांसाठी गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येते.

आधी कायदा समजून घ्या

परदेशी मासिकांत आणि चित्रफितींत घरातली पेटी जिवंत प्रवाळांनी भरलेली दिसते. गिऱ्हाईक तसलेच चित्र मोबाईलवर दाखवून तेच मागते. इथे दुकानदाराने स्पष्ट नकार द्यायला हवा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. 2001 साली त्याच्या अनुसूचींमध्ये प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्री घोडे, काही जातींचे शार्क, महाकाय शिंपले आणि काही शंख यांचा समावेश झाला. 2022 च्या दुरुस्तीने अनुसूची नव्याने लिहिल्या गेल्या, तरी प्रवाळांचे संरक्षण कायम आहे. हे प्राणी पकडणे, विकणे व बाळगणे हा गुन्हा असून कैद व दंड दोन्ही होऊ शकतात.

पुष्कळांना असे वाटते की मेलेले, वाळलेले प्रवाळ चालतात. हा गैरसमज आहे. प्रवाळाचा सांगाडाही त्याच कायद्यात येतो. 'लाइव्ह रॉक' या नावाने विकला जाणारा दगड बहुधा जुन्या प्रवाळाचाच तुकडा असतो, म्हणून त्यापासूनही दूर राहावे. घाऊक बाजारात कोणी "सगळेच विकतात, काही होत नाही" असे म्हणाला, तर धाड पडल्यावर तो आपल्या शेजारी उभा राहणार नाही, हे लक्षात ठेवावे.

मग पेटी कशी सजवायची? भाजलेल्या मातीचे, म्हणजे सिरॅमिकचे सच्छिद्र दगड याच कामासाठी मिळतात. कृत्रिम प्रवाळ राळेचे व सिलिकॉनचेही मिळतात. सच्छिद्र दगडाचा उपयोग शोभेपुरता नसतो. त्याच्या बारीक छिद्रांत उपयोगी जीवाणू वाढतात आणि तेच पाणी साफ ठेवतात. मातीकाम जाणणाऱ्या कारागिरांनी या वस्तूकडे जरूर पाहावे. मात्र त्यावर झिलई किंवा रंग देऊ नये, कारण त्यातील धातू पाण्यात उतरतात.

कारागिरांच्या वाट्याचे काम

चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच पेटीत सुमारे 200 लिटर पाणी मावते. नवशिक्या गिऱ्हाइकाला याहून लहान पेटी देऊ नये. लहान पेटी स्वस्त पडते, पण थोड्या पाण्यात बिघाड फार लवकर होतो. काच, पाणी, वाळू व दगड मिळून हे वजन 300 किलोच्या घरात जाते. म्हणून घडवंची मजबूत हवी आणि जमिनीची पातळी पाण्याच्या लेव्हलने तपासून घ्यावी.

काचेला 10 मिलिमीटरपेक्षा कमी जाडी घेऊ नये. सांधे जोडण्यासाठी मत्स्यपेटीसाठी म्हणून मिळणारे सिलिकॉनच वापरावे. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते, ते माशाला विष ठरते. खारे पाणी लोखंड खाते. वेल्डिंग केलेल्या घडवंचीला चांगले पावडर कोटिंग द्यावे. पाण्याला लागेल अशा जागी तांबे, पितळ किंवा जस्ताचा मुलामा असलेले सामान मुळीच नको. तांब्याचा अंश झिंगे, खेकडे व शिंपल्यांना मारतो. पेटीला वरून जाळीचे झाकण हवे, कारण समुद्रातले कित्येक मासे उडी मारतात.

पाणी : आपल्या भागाची खरी अडचण

बोअरचे पाणी जड असते. उसाच्या पट्ट्यात त्यात खतांचे नायट्रेटही उतरलेले असते. असे पाणी मीठ घालून वापरल्यास पेटीत शेवाळ माजते. म्हणून आर.ओ. यंत्राचे पाणी घ्यावे आणि त्यात मत्स्यपेटीसाठी तयार केलेले समुद्री मीठ मिसळावे. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियमबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे पुष्कळ काही असते, ते खाण्याच्या मिठात नसते. प्रमाण लिटरला साधारण 35 ग्रॅम, म्हणजे 200 लिटरला सुमारे सात किलो. मापन यंत्रावर विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास यावे.

बाष्पीभवनाने पाणी उडते, पण मीठ मागेच राहते. म्हणून रोज कमी झालेली पातळी गोड्या आर.ओ. पाण्याने भरावी, खाऱ्या पाण्याने नव्हे. ही एक गोष्ट गिऱ्हाइकाला दहा वेळा सांगितली तरी थोडी. दुसरी अडचण उष्म्याची. या माशांना 24 ते 27 अंश तापमान मानवते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांवर जातो. तेव्हा थंड खोली किंवा पाणी थंड करणारे यंत्र, यांपैकी एक हवेच. तिसरी अडचण विजेची. वीज गेली की पाण्यातला प्राणवायू कमी होऊ लागतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप प्रत्येक पेटीबरोबर द्यावा आणि त्याची किंमत बिलात आधीच धरावी. या तीन गोष्टींचा खर्च ज्याला परवडत नाही त्याला खाऱ्या पाण्याची पेटी विकू नये, गोड्या पाण्याची चांगली पेटी द्यावी.

पेटी भरल्या दिवशी मासे सोडणे ही सर्वांत मोठी चूक. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. तो जीवाणू आधी नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये बदलतात. हे जीवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. पूर्वी या काळात स्वस्तातला डॅमसेल मासा सोडून पेटी 'तयार' करण्याची रीत होती. ही रीत क्रूर आहे आणि गरजेचीही नाही. झिंग्याचा एक लहान तुकडा पाण्यात कुजू दिला तरी तेच काम होते. तपासणीच्या संचाने अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दाखवले, म्हणजे पेटी तयार झाली.

निवडीचे पाच प्रश्न

कोणताही मासा मागवण्याआधी दुकानदाराने स्वतःला पाच प्रश्न विचारावेत.

पहिला : पूर्ण वाढल्यावर तो केवढा होईल? बाजारात सगळीच पिल्ले दोन इंचांची दिसतात. 

दुसरा : त्याचा स्वभाव कसा? काही मासे जागा धरून बसतात आणि नव्याला मारून टाकतात. 

तिसरा : तो काय खातो? दाणे व गोठवलेले झिंगे खाणारा मासा जगतो. केवळ जिवंत प्रवाळ किंवा अतिसूक्ष्म जीव खाणारा मासा पेटीत उपाशी मरतो. 

चौथा : तो समुद्रातून धरला की केंद्रात पैदास केला? पैदाशीचा मासा पेटीला व दाण्याला सरावलेला असतो. 

पाचवा : तो कोणाबरोबर राहणार? एकेकटे चांगले असलेले दोन मासे एकत्र वैरी ठरू शकतात.

चौथ्या प्रश्नाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. फिलिपाइन्स व इंडोनेशियाच्या समुद्रात 1960 च्या दशकापासून सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याचा प्रकार चालत आला आहे. त्यात आसपासचे प्रवाळ मरतात आणि मासाही आतून खराब होतो. दुकानात तो छान दिसतो आणि दोन-तीन आठवड्यांनी कारण न कळता मरतो. गिऱ्हाईक समजते की दुकानदाराने फसवले. पैदाशीच्या माशात हा धोका नाही. आपल्या देशात कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या अनेक जातींची कृत्रिम पैदास यशस्वी केली आहे. नवी मुंबईत ऐरोली येथे राज्याच्या कांदळवन विभागाच्या केंद्रातही या माशांच्या पैदाशीचे काम झाले आहे. घाऊक व्यापाऱ्याला "पैदाशीचा आहे का?" असे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

हे मासे घ्यावेत

क्लाऊनफिश हा पहिला मान. तीन-चार इंचांचा, शांत, दाणे खाणारा आणि पैदाशीचा सहज मिळणारा. समुद्रात तो दंशकारी समुद्रफुलात राहतो, पण पेटीत त्याला समुद्रफूल लागत नाही. उलट समुद्रफूल नवशिक्याच्या पेटीत मरते आणि सगळे पाणी नासवते. या माशाची एक गंमत अशी की सर्व पिल्ले आधी नर असतात. जोडीतला मोठा मासा पुढे मादी होतो. म्हणून एक लहान व एक थोडा मोठा असे दोन घ्यावेत, जोडी आपोआप जमते. एका पेटीत दोन निराळ्या जातींचे क्लाऊन ठेवू नयेत, भांडतात.

गोबी हा तळाशी वाळूत राहणारा मासा. पिवळा वॉचमन गोबी हा पिस्तूल-झिंग्याबरोबर एकाच बिळात राहतो. झिंगा बीळ खणतो, मासा दारावर पहारा देतो. हॉटेल वा दवाखान्यात बसलेल्या माणसाला हा खेळ तासभर पाहावासा वाटतो. फायरफिश हा पांढरा-लाल, नाजूक व शांत मासा. तो घाबरला की उडी मारतो, झाकण विसरू नये. ब्लेनी मासा दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. मात्र तो नव्या पेटीत सोडू नये, दोन-तीन महिन्यांनी शेवाळ आले की सोडावा. हिरवा क्रोमिस स्वस्त व देखणा आहे, पण लहान पेटीत कळप टिकत नाही. एकमेकांना टोचून शेवटी एकच उरतो, हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे.

200 लिटरच्या पेटीत क्लाऊनची जोडी, एक गोबी, एक फायरफिश व शेवटी एक ब्लेनी एवढे पुरे. जोडीला साफसफाई करणारा झिंगा व दोन-चार हर्मिट खेकडे. गिऱ्हाइकाला पेटी रिकामी वाटते, तो आणखी मागतो. मासे सहाच्या वर नेऊ नका. क्रमही पाळा : गरीब स्वभावाचे आधी, जागा धरणारे शेवटी. दोन माशांत किमान दोन आठवड्यांचे अंतर असावे, म्हणजे जीवाणूंना वाढायला वेळ मिळतो.

हे मासे नाकारावेत

निळा टँग, म्हणजे चित्रपटातली 'डोरी', गिऱ्हाईक हमखास मागते. तो एक फुटापर्यंत वाढतो आणि समुद्रात सारखा पोहणारा मासा आहे. चार फुटी पेटी त्याला कोठडी ठरते. बॅटफिशचे पिल्लू पानासारखे सुंदर दिसते, ते दीड-दोन फुटांचे होते. सम्राट एंजल सव्वा फुटाच्या वर जातो. डोमिनो डॅमसेल लहानपणी काळ्यावर पांढरे ठिपके असलेला गोजिरवाणा असतो. मोठेपणी तो पेटीतल्या सगळ्यांना छळतो आणि त्याला बाहेर काढायला सगळे दगड उचलावे लागतात.

लायनफिशच्या काट्यांत विष असते. मुले असलेल्या घरात तो मुळीच देऊ नये. शिवाय तोंडात मावेल तो मासा तो गिळतो. ट्रिगर मासा झिंगे व खेकडे फोडून खातो. बटरफ्लाय माशाच्या अनेक जाती प्रवाळाच्या जिवंत कळ्यांवर जगतात, त्यांना आपल्या पेटीत अन्नच नाही. मँडरिन हा कदाचित सर्वांत सुंदर मासा असेल, पण तो दिवसभर दगडावरचे सूक्ष्म जीव टिपत असतो. नव्या पेटीत ते नसतात आणि मासा डोळ्यांदेखत वाळत जातो. सफाई करणारा क्लीनर रास हा मोठ्या माशांच्या अंगावरचे कीटक खाऊन जगतो, लहान पेटीत तोही उपाशीच मरतो. समुद्री घोड्याविषयी वर सांगितलेच आहे, तो कायद्यानेच बंद आहे.

पारख, प्रवास आणि वेगळी पेटी

माल मुंबईहून घ्यावयाचा असेल तर स्वतः जाऊन निवडावा. विक्रेत्याला डोळ्यांदेखत खाद्य टाकायला सांगावे. जो खात नाही तो घेऊ नये. डोक्यामागची पाठ भरलेली असावी, पोट आत गेलेले नसावे, श्वास घाईघाईने चाललेला नसावा, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके नसावेत. मासा दुकानात आल्याला आठवडा झाला असेल तर उत्तम.

प्रवासाआधी एक दिवस मासा उपाशी ठेवावा, म्हणजे पिशवीतले पाणी घाण होत नाही. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग प्राणवायू आणि प्रत्येक मासा वेगळा. पिशव्या थर्माकोलच्या पेटीत बंद करून रात्रीच्या प्रवासाने आणाव्यात. मुंबई ते इंदापूर हा सहा-सात तासांचा रस्ता दिवसाच्या उन्हात करू नये. आल्यावर पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवावे, मग बारीक नळीने थेंब-थेंब पाणी तासभर मिसळावे. पिशवीतले पाणी पेटीत ओतू नये.

नवा मासा सरळ गिऱ्हाइकाच्या पेटीत सोडणे टाळावे. दुकानात एक साधी वेगळी पेटी ठेवून त्यात तो तीन-चार आठवडे सांभाळावा. समुद्री पांढऱ्या ठिपक्यांचा रोग या काळात उघड होतो आणि त्यावर तांब्याचे औषध याच पेटीत देता येते. असा सांभाळलेला मासा थोडा महाग विकला तरी गिऱ्हाईक कुरकुरत नाही, कारण तो मरत नाही.

व्यवहार साफ असावा

पाण्यातला मासा पकडण्यापूर्वी विकू नये, हे उदाहरण फिकहच्या पुस्तकांत धोक्याच्या सौद्यासाठी, म्हणजे गररसाठी, नेहमी दिले जाते. आपल्या धंद्यात ते अक्षरशः लागू पडते. जो मासा आपल्या ताब्यात नाही, ज्याची जात, आकार व प्रकृती ठाऊक नाही, त्याची पक्की विक्री करून पैसे घेऊ नयेत. गिऱ्हाइकासाठी माल आणून देण्याचा मेहनताना ठरवून घेणे हा वेगळा व्यवहार आहे. त्याच्या अटी लिहून घ्याव्यात आणि शंका असल्यास जवळच्या आलिमांना विचारावे.

मालातला ऐब सांगून विकणे हे आपल्यावर बंधनकारक आहे. माशाचा ऐब नुसता रोग नव्हे. "हा वर्षभरात फूटभर होईल", "हा इतरांना मारील", "याला दाणे चालत नाहीत" हेही ऐबच होत. ते लपवून विकलेला मासा परत घेण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. आम्ही सुचवू की प्रत्येक माशाबरोबर एक चिठ्ठी द्यावी : पूर्ण वाढीचा आकार, खाद्य, स्वभाव, आणल्याची तारीख, पैदाशीचा की समुद्राचा. बिलावर परत घेण्याची मुदतही लिहावी. दुसरी बाजू त्या मुक्या जिवाची. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपण सारे जाणतो. काचेच्या पेटीतला मासा स्वतः अन्न शोधू शकत नाही. त्याला कोंडणाऱ्यावर आणि जगणार नाही हे ठाऊक असून विकणाऱ्यावरही त्याचा हक्क आहे.

उजनीला जपा

शेवटची सूचना गोड्या पाण्याचे मासे विकणाऱ्यांनाही आहे. पेटीची हौस फिटली की लोक मासे नदीत, तलावात सोडून देतात आणि त्यात आपण दया केली असे समजतात. शोभेच्या पेट्यांतून बाहेर पडलेला सकर मासा आज उजनीच्या पाण्यात पसरला आहे. त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही, अंगावरच्या खरखरीत काट्यांनी तो जाळी फाडतो आणि भीमेवर पोट असलेल्या मच्छीमारांचे नुकसान करतो. समुद्राचा मासा गोड्या पाण्यात तडफडून मरेल, तेव्हा त्यालाही सोडण्यात दया नाही. नको झालेला मासा दुकानात परत घेऊ, असे गिऱ्हाइकाला विक्रीच्या वेळीच सांगावे. तो परत आलेला मासा दुसऱ्या घरी जातो आणि दुकानाचे नावही चार घरांत जाते.

ज्यांना या धंद्यात उतरायचे आहे त्यांनी पहिले वर्षभर एकच पेटी आपल्या दुकानात चालवून पाहावी. तिच्यातले पाच मासे एक उन्हाळा व एक पावसाळा काढून सुखरूप राहिले, तर दुसऱ्याची पेटी भरायला आपण तयार झालो असे समजावे. इन्शाअल्लाह, बरकत त्यातच आहे.